ब्रेव्हे पूर्ण, पण नोंद अपुरी : लांब पल्ल्याच्या राईडची तुटलेली जीपीएस नोंद कशी तपासावी

दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या कालमर्यादेत पार करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, वेळेत पूर्ण होते, कार्डावर सगळ्या कंट्रोलच्या (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणांच्या) नोंदी असतात, आणि घरी येऊन राईडच्या नोंदी ठेवणारे स्ट्राव्हा हे संकेतस्थळ उघडावे तर राईड १६३ किलोमीटरचीच दिसते. १ नोव्हेंबरला ब्रेव्हेचा नवा हंगाम सुरू झाला की सायकल गटांमध्ये ही तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागते. साथीदारांच्या अशा नोंदी तपासून जुळवून देण्याचे काम माझ्याकडे वारंवार येते, आणि त्यातून माझे मत असे झाले आहे की दोष बहुधा संकेतस्थळात नसतो. राईड चालू असतानाच तो फोनमध्ये किंवा हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरमध्ये घडून गेलेला असतो आणि अपलोड झाल्यावर फक्त नजरेस पडतो. म्हणून शोध घेताना फुकट आणि घरबसल्या होणाऱ्या तपासण्या आधी, वेळखाऊ व खर्चाच्या नंतर, असा क्रम पाळावा. बहुतेक प्रकरणे पहिल्या काही पायऱ्यांतच मिटतात.

लक्षणे

तक्रार नेहमी "अंतर कमी आले" एवढ्याच शब्दांत सांगितली जाते, परंतु तिच्यामागचे दोष निरनिराळे असतात आणि त्यांचे उपायही निरनिराळे असतात. त्यामुळे फोनच्या छोट्या पडद्यावर न पाहता संगणकावर राईडचा नकाशा मोठा करून उघडावा आणि पुढीलपैकी कोणते चित्र दिसते ते ठरवावे.

- नकाशावरील रेघ एका ठिकाणी रस्ता सोडते, डोंगरावरून किंवा धरणाच्या पाण्यावरून सरळ जाते आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा रस्त्याला मिळते.
- रेघ वाटेतच संपते आणि त्यानंतरची राईड नोंदलेलीच नसते.
- रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत रस्त्यावरच आहे, तरी एकूण अंतर सोबत्यांच्या अंतरापेक्षा तीन, चार किंवा पाच किलोमीटरनी कमी आहे.
- एकाच राईडचे दोन-तीन तुकडे झालेले आहेत.
- सायकल कॉम्प्युटरवर राईड पूर्ण दिसते, पण स्ट्राव्हावर ती येतच नाही, किंवा "डुप्लिकेट" असा संदेश येऊन नाकारली जाते.
- राईड व्यवस्थित आली आहे, परंतु चॅलेंज (स्ट्राव्हाने दिलेले लक्ष्य), वार्षिक बेरीज किंवा एडिंग्टन अंक (त्याविषयी पुढे) यांत ती धरलेली नाही.
- अंतर बरोबर आहे, मात्र एकूण चढाई अशक्य वाटावी इतकी जास्त किंवा कमी आहे.

काहीही करण्यापूर्वी मूळ फाइल जपा

ही तपासणी नव्हे, पूर्वअट आहे, आणि ती पाळली नाही तर पुढचे सगळे श्रम वाया जाऊ शकतात. कॉम्प्युटरमधील राईड पुसू नये, ॲप काढून पुन्हा टाकू नये, उपकरण रिसेट करू नये. ॲप काढून टाकले की अपलोड न झालेली राईड त्याच्याबरोबर जाते, आणि "एकदा काढून पुन्हा टाकून बघ" हाच सल्ला गटात सर्वांत आधी दिला जातो, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगतो आहे. सायकल कॉम्प्युटर वायरने संगणकाला जोडावा, त्यातील ॲक्टिव्हिटीच्या फोल्डरमधील त्या दिवसाची फिट फाइल (उपकरण ज्या स्वरूपात राईड साठवते ती फाइल) संगणकावर उतरवून घ्यावी आणि तिची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवावी. राईड स्ट्राव्हावर पोहोचली असेल तर संकेतस्थळावर त्या राईडच्या मेन्यूत "एक्स्पोर्ट ओरिजिनल" हा पर्याय असतो. त्याने मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. पुढील सर्व प्रयोग प्रतीवर करावेत.

हा दोष आहे की दोन वेगळ्या मोजण्यांतील फरक?

कसलाही खर्च नसलेली पहिली तपासणी म्हणजे आपण कोणत्या आकड्याची तुलना कोणत्या आकड्याशी करीत आहोत हे पाहणे. आयोजकाने दिलेल्या मार्गाचे अंतर नकाशावरून काढलेले असते. आपल्या उपकरणाने ते प्रत्यक्ष चालून मोजलेले असते, आणि त्यात पेट्रोल पंपावर वळलेले, चहासाठी मागे गेलेले, चुकून पुढे जाऊन परत आलेले अंतरही येते. दोन सोबत्यांच्या नोंदींत शंभरात एखाद्या किलोमीटरचा फरक असणे हा दोष नाही. शिवाय ब्रेव्हेचे अधिकृत अंतर ठरलेले असते. प्रत्यक्ष मार्ग २०६ किलोमीटरचा असला तरी निकालात २०० किलोमीटरच धरले जातात. त्यामुळे स्ट्राव्हावरची वर्षाची बेरीज आणि अधिकृत निकालांची बेरीज कधीच तंतोतंत जुळणार नाही, आणि ती जुळवण्याचा प्रयत्नही करू नये.

वेळेच्या बाबतीत तर हा गोंधळ अधिक होतो. स्ट्राव्हा ठळकपणे दाखवते तो "मूव्हिंग टाइम", म्हणजे चाके फिरत असतानाचा वेळ. ब्रेव्हेची कालमर्यादा (२०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास) मात्र जेवण, पंक्चर आणि झोप धरून सुटल्यापासून पोहोचेपर्यंत मोजली जाते. तेव्हा पाहायचा आकडा "इलॅप्स्ड टाइम" हा आहे. "माझे साडेनऊ तास झाले असताना निकालात बारा कसे?" या प्रश्नाचे उत्तर एवढेच असते.

राईड वाटेत अडकली आहे का?

कॉम्प्युटरवर पूर्ण असलेली राईड स्ट्राव्हावर न दिसण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे ती अजून पोहोचलेलीच नसते. उपकरणातून फोनमधील कंपनीच्या ॲपमध्ये आणि तेथून स्ट्राव्हामध्ये असे दोन टप्पे असतात. आधी पहिल्या ॲपमध्ये राईड आली आहे का ते पाहावे. आली नसेल तर ब्लूटूथ आणि फोनमधील इंटरनेट तपासावे. आली असेल तर दोन खात्यांमधील जोडणी तुटलेली असते, आणि पासवर्ड बदलल्यानंतर किंवा परवानगी काढल्यानंतर असे होते. जोडणी एकदा काढून पुन्हा दिली की नवीन राईड जाऊ लागतात, परंतु मधल्या काळातली राईड बहुधा हातानेच फाइल अपलोड करून द्यावी लागते.

येथे फाइलच्या आकाराचा मुद्दा सहाशेच्या ब्रेव्हेत अचानक उभा राहतो. स्ट्राव्हा एका फाइलला २५ एमबीची मर्यादा घालते. दर सेकंदाला एक बिंदू या हिशेबाने चाळीस तासांत १,४४,००० बिंदू होतात, आणि हृदयगती, कॅडन्स (पेडल फिरवण्याची गती) व तापमान यांच्यासह एकेका बिंदूला जीपीएक्स या मजकूर-स्वरूपातल्या फाइलमध्ये दीड-दोनशे अक्षरे लागतात. म्हणजे फाइल सहज मर्यादेपलीकडे जाते. तीच राईड फिट स्वरूपात काही एमबींत मावते. म्हणून उपकरणातून निघालेली फिट फाइल असेल तर तिचे जीपीएक्समध्ये रूपांतर करण्याच्या फंदात पडू नये, तीच थेट अपलोड करावी.

"डुप्लिकेट"चा संदेश येतो तेव्हा प्रकरण बहुतेक वेळा असे असते: सायकलस्वाराने सावधगिरी म्हणून फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर नोंद चालू ठेवलेली असते, फोनवरची तुटकी नोंद आधी पोहोचते, आणि नंतर आलेली चांगली नोंद तीच राईड म्हणून नाकारली जाते. चांगल्या नोंदीची फाइल हातात आहे याची खात्री करून मगच तुटकी नोंद स्ट्राव्हावरून पुसावी आणि चांगली अपलोड करावी. पुसलेल्या राईडबरोबर तिच्यावरचे फोटो आणि प्रतिक्रियाही जातात, तेव्हा हवे असलेले फोटो आधी उतरवून घ्यावेत. दोन उपकरणांवर नोंद ठेवण्याची सवय मात्र चांगली आहे, ती सोडू नये. फोनवरील नोंद आपोआप अपलोड न होता फोनमध्येच राहील अशी व्यवस्था केली म्हणजे झाले.

राईड आहे, पण मोजली जात नाही

हा दोष नोंदीचा नसून नियमाचा असतो, आणि प्रत्येक साधनाचा नियम वेगळा असतो. राईडचा प्रकार चुकून धावणे किंवा ई-बाईक असा पडला आहे का, हे प्रथम पाहावे. हाताने भरलेली नोंद, म्हणजे जिच्यामागे जीपीएस फाइल नाही ती, बहुतेक चॅलेंजमध्ये धरली जात नाही. स्ट्राव्हाचे दर महिन्याचे ग्रॅन फॉन्डो चॅलेंज १०० किलोमीटरची एकच राईड मागते. साठ आणि पन्नास किलोमीटरचे दोन तुकडे मिळून ११० होत असले तरी त्यांचा उपयोग होत नाही.

एडिंग्टन अंक जपणाऱ्यांना अपुऱ्या नोंदीचा फटका सर्वांत जास्त बसतो, आणि मला ही मोजपट्टी विशेष आवडत असल्याने त्यावर थोडे अधिक लिहितो. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन (१८८२–१९४४) यांच्या नावाने ओळखला जाणारा हा अंक असा: किमान १०० किलोमीटर सायकल चालवल्याचे १०० दिवस आपल्या खात्यावर असतील तर आपला अंक १००. त्यात सरासरी नाही आणि बेरीजही नाही. ज्या दिवशी ९७ किलोमीटरची नोंद झाली तो दिवस शंभराच्या हिशेबात नाही म्हणजे नाहीच. उपकरणाने खाल्लेले तीन किलोमीटर एरवी किरकोळ असतात, येथे ते अख्खा दिवस घेऊन जातात.

याच अंकाबाबत मध्यरात्रीचा प्रश्नही येतो. शनिवारी पहाटे सुटून रविवारी संध्याकाळी संपलेली सहाशेची ब्रेव्हे एकाच राईडमध्ये नोंदली तर राईडच्या तारखेवर चालणारी साधने तिचे सगळे अंतर शनिवारवर टाकतात आणि रविवार कोरा राहतो. रात्रीच्या मुक्कामी राईड सेव्ह करून सकाळी नवी सुरू केली तर दोन्ही दिवस मिळतात, पण सहाशे किलोमीटरची अखंड राईड खात्यावर दिसत नाही. दोन्ही पद्धती प्रामाणिकच आहेत. मी स्वतः अखंड राईडच्या बाजूचा आहे, कारण नंतर तुकडे करणे सोपे आणि जोडणे कठीण असते. स्ट्राव्हाच्या संकेतस्थळावर राईड विभागण्याची सोय आहे, जोडण्याची नाही.

फोनच्या सेटिंग्ज

नकाशावरील सरळ रेघ आणि वाटेत संपलेली रेघ या दोन लक्षणांचे मूळ, नोंद फोनवर होत असेल तर, जवळजवळ नेहमी येथे सापडते. पैसा लागत नाही, दहा मिनिटे लागतात.

फोनचा पडदा बंद झाला की बॅटरी वाचवण्यासाठी प्रणाली मागे चालणाऱ्या ॲपना झोपवते. गाणी वाजवणाऱ्या किंवा संदेश आणणाऱ्या ॲपला त्यातून सूट मिळालेली असते. सायकलच्या ॲपला ती आपण हाताने द्यावी लागते. अँड्रॉइडमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये "अनरिस्ट्रिक्टेड" हा पर्याय निवडावा. अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय स्वतःची वेगळी बॅटरी-व्यवस्था असते, आणि ऑटोस्टार्टची परवानगी तेथे निराळी द्यावी लागते. ती कोठे असते हे "डोन्ट किल माय ॲप" या संकेतस्थळावर कंपनीनिहाय दिलेले आहे. लोकेशनची परवानगी देताना "प्रिसाइज", म्हणजे नेमके स्थान, हा पर्याय चालू असला पाहिजे. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून हा पर्याय वेगळा झाला आहे, आणि तो बंद असेल तर ॲपला केवळ परिसर कळतो, रस्ता कळत नाही.

यानंतर बॅटरी सेव्हर. सकाळी सगळे नीट चाललेले असते, दुपारी तीनच्या सुमारास बॅटरी ठरलेल्या टक्क्यापर्यंत उतरते, सेव्हर आपोआप चालू होतो, आणि काही फोनमध्ये पडदा बंद असताना लोकेशनही बंद होते. रेघ नेमकी दुपारनंतर सरळ होत असेल तर संशय प्रथम यावर घ्यावा. राईडच्या दिवशी सेव्हर आपोआप चालू होण्याची सोयच बंद करावी, आणि बॅटरी वाचवायची तर पडद्याचा उजेड कमी ठेवावा.

सेटिंग्ज बदलल्यावर पुढच्या ब्रेव्हेची वाट न पाहता अर्ध्या तासाची चाचणी घ्यावी: नोंद सुरू करावी, पडदा बंद करून फोन खिशात टाकावा, परत येईपर्यंत त्याला हात लावू नये आणि रेघ पाहावी. मधून मधून फोन काढून पाहिला तर ॲप प्रत्येक वेळी जागे होते आणि दोष झाकला जातो.

पाऊस, घाम आणि चार्जिंग

पावसात ओल्या प्लास्टिकच्या पाउचमधल्या फोनच्या पडद्यावर थेंब बोटासारखे काम करतात आणि नोंद थांबवतात. वरंधा किंवा ताम्हिणीत जुलै महिन्यात फिरणाऱ्यांना हे ठाऊक असेल. पडदा लॉक ठेवणे हा उपाय पुरेसा आहे. चार्जिंगच्या खाचेत ओल गेली की पुष्कळ फोन चार्ज घेणेच थांबवतात, आणि पॉवर बँक भरलेली असूनही फोन विझतो. तेव्हा मोठ्या राईडला फोन संपत येण्याआधीच, कोरड्या जागी थांबून, चार्ज करून घ्यावा. हादऱ्यांनी सैल होणारी केबल हेही नेहमीचे कारण आहे, आणि दुसरी केबल सोबत ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

चढाईचा आकडा बिघडण्याचे कारणही बहुधा पाणीच असते. हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या उपकरणाच्या बारीक छिद्रावर पाणी बसले की दाब चुकीचा वाचला जातो. स्ट्राव्हावर अशा राईडला "करेक्ट एलिव्हेशन" हा पर्याय दिला की नकाशातील उंचीवरून आकडा पुन्हा काढला जातो. याहून अधिक काही करण्याची गरज नाही.

रेघ ठीक, अंतर कमी: चाकाचा परीघ आणि नोंदीचा वेग

या लक्षणात प्रथम स्ट्राव्हाच्या संकेतस्थळावर त्या राईडला "करेक्ट डिस्टन्स" देऊन पाहावे. ते परत फिरवता येते. यात चाकावरील सेन्सरचा आकडा बाजूला ठेवून जीपीएस बिंदूंवरून अंतर पुन्हा काढले जाते. आकडा वाढून सोबत्यांच्या जवळ आला, तर दोष सेन्सरला दिलेल्या चाकाच्या परिघात आहे.

टायर बदलल्यावर परीघ बदलायचा राहून जातो. ७००×२५ टायरचा परीघ साधारण २,१०५ मिलिमीटर धरतात, ७००×३२ चा साधारण २,१५५. जाड टायर बसवून जुनाच आकडा ठेवला, तर दोनशे किलोमीटरला सुमारे साडेचार किलोमीटर कमी मोजले जातात, आणि सहाशेला जवळपास चौदा. तक्त्यातील आकड्यावर विसंबण्यापेक्षा परीघ स्वतः मोजावा. टायरमध्ये नेहमीची हवा भरावी, सपाट फरशीवर चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली येईल असे सायकल उभी करून तेथे खडूने खूण करावी, सायकलवर नेहमीच्या सामानासह बसावे आणि कोणाला तरी हँडल धरायला लावून, चाक सरळ ठेवत, व्हॉल्व्ह तीन वेळा खाली येईपर्यंत पुढे जावे. तेथे दुसरी खूण करून मधले अंतर पोलादी टेपने मोजावे आणि तीनने भागावे. बसल्याशिवाय मोजले तर टायर दबत नाही आणि आकडा काही मिलिमीटर जास्त येतो. अलीकडच्या अनेक उपकरणांत परीघ आपोआप काढण्याचा पर्याय असतो. पूर्वी हाताने भरलेला आकडा असेल तर तो पर्याय निवडलेला आहे का, ते पाहावे.

"करेक्ट डिस्टन्स" देऊनही आकडा हलला नाही, तर बिंदू विरळ पडले आहेत असे समजावे. गार्मिनच्या उपकरणांत नोंदीसाठी "स्मार्ट" आणि "दर सेकंदाला" असे दोन पर्याय असतात. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट चढण्याचा वेग इतका कमी असतो की बिंदू विरळ असले तरी बिघडत नाही. तोच घाट ताशी ४० किलोमीटरने उतरताना सेकंदाला ११ मीटर कापले जातात. पाच सेकंदांनी बिंदू पडला तर दोन बिंदूंमध्ये ५५ मीटर जातात, आणि अख्खे वळण सरळ रेघेने ओलांडले जाते. घाटाच्या ब्रेव्हेला "दर सेकंदाला" हाच पर्याय ठेवावा. बोगद्यांची काळजी मात्र करू नये: खंबाटकीच्या बोगद्यात उपग्रह दिसत नसले तरी रस्ता जवळपास सरळच असल्याने दोन टोकांना जोडणारी रेघ अंतरात फारसा फरक पाडत नाही.

फाइलची दुरुस्ती

येथून पुढचे काम संगणकावर थोडा हात बसलेल्या माणसाने करावे, आणि प्रतीवरच करावे.

तुटलेली जीपीएक्स फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडते. प्रत्येक बिंदूची एक नोंद असते, तीत अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ असते. वेळ भारतीय नसून जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे साडेपाच तास मागे असते. सकाळी सहाला सुटलेल्या राईडचा पहिला बिंदू साडेबारा, म्हणजे मध्यरात्रीनंतर तीस मिनिटे, असा दिसतो, आणि पहाटे पाचला सुटलेल्या राईडवर तर आदल्या दिवसाची तारीख असते. हा बिघाड समजून वेळा बदलणारे भेटतात. त्यांना हात लावू नये. फाइलच्या अगदी शेवटी जावे. फोन अचानक विझला असेल तर शेवटचा बिंदू अर्धवट तुटलेला असतो आणि तुकडा, ट्रॅक व फाइल बंद करणाऱ्या तीन खुणा गायब असतात. अर्धवट बिंदू काढून टाकावा, त्या तीन खुणा एखाद्या चांगल्या जीपीएक्स फाइलच्या शेवटावरून उचलून तेथे ठेवाव्यात, आणि फाइल सेव्ह करावी.

फिट फाइल अशी वाचता येत नाही. ती बंद होताना सुरुवातीला एकूण माहितीचा आकार आणि शेवटी पडताळणीचा अंक लिहिला जातो; वीज मध्येच गेली तर हे राहून जाते आणि आतली माहिती शाबूत असूनही फाइल सदोष म्हणून नाकारली जाते. "फिट फाइल टूल्स" आणि "गोटोज" या संकेतस्थळांवर फिट व जीपीएक्स फाइली दुरुस्त करण्याची आणि जोडण्याची साधने आहेत. फाइल परक्या संकेतस्थळावर द्यायची नसेल तर जीपीएस-बेबल हा मोफत कार्यक्रम जीपीएक्सचे तुकडे आपल्याच संगणकावर जोडतो. परक्या ठिकाणी फाइल देताना तिच्या पहिल्या बिंदूत बहुधा आपले घर आणि आपण घराबाहेर असण्याची वेळ असते, हे लक्षात घेऊनच द्यावी.

जोडलेल्या दोन तुकड्यांमधली रिकामी जागा सरळ रेघेनेच दिसेल. ती तशीच राहू द्यावी. नियोजित मार्गाचे बिंदू उचलून, त्यांना मनाने वेळा देऊन ही जागा भरणारी साधनेही मिळतात, आणि माझा त्यांना स्पष्ट विरोध आहे: अशी फाइल दुरुस्त नसते, बनावट असते. ज्यांना पूर्ण राईड हवी आहे त्यांनी शेवटपर्यंत नोंद चाललेल्या सोबत्याची फाइल आपली म्हणून चढवणेही तितकेच गैर आहे. राईडच्या वर्णनात "७० ते १०७ किलोमीटर नोंद झाली नाही" असे एक वाक्य लिहावे. तेवढे पुरते.

कोठे थांबावे

उपकरणाची किंवा पॉवर बँकेची बॅटरी फुगलेली दिसली, मागचे झाकण उचलले गेले असेल किंवा चार्ज होताना ते हाताला चटका बसेल इतके तापत असेल, तर सर्व तपासण्या तेथेच थांबवाव्यात. चार्जर काढावा, उपकरण जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावे आणि अधिकृत सेवा केंद्रात न्यावे. फुगलेली बॅटरी घरी काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

संगणकाला जोडल्यावर उपकरण दिसतच नसेल, किंवा "फॉरमॅट करायचे का?" असे विचारले जात असेल, तर नकार द्यावा आणि त्यावर नवी राईड नोंदवू नये, कारण नवी नोंद जुन्या माहितीवर लिहिली जाते. ती राईड खरोखर महत्त्वाची असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जावे, आणि खर्चाचा अंदाज आधी विचारावा. फाइलचा आकारच शून्य असेल तर तिच्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. उपकरणाच्या आत पाणी किंवा धुके दिसत असेल तर ते उघडून वाळवण्याचा खटाटोप करू नये, कारण उघडल्यावर जलरोधक सील पूर्ववत बसत नाही आणि वॉरंटी असल्यास तीही जाते.

आणि प्रश्न अधिकृत निकालाचा असेल, विशेषतः २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधील मोठ्या राईडसाठी सुपर रॅन्डोनर मालिका (एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० च्या ब्रेव्हे) पूर्ण करण्याचा विचार असेल, तर स्ट्राव्हा दुरुस्त करण्यात आठवडा घालवू नये. मान्यता ब्रेव्हेंच्या निकालांवर शिक्कामोर्तब करणाऱ्या पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसिएन या संस्थेकडून येते आणि ती आयोजकाने पाठवलेल्या निकालावरून मिळते; त्याचा आधार ब्रेव्हे कार्ड आणि कंट्रोलवरील पुरावे हा असतो. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, एटीएमच्या पावत्या किंवा बिले, कंट्रोलवर काढलेले फोटो आणि जीपीएस फाइल जशी असेल तशी, न दुरुस्त केलेली, आयोजकाला राईड संपल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवावी, कारण निकाल पुढे गेल्यानंतर बदल करणे त्याच्याही हातात सहजासहजी राहत नाही. सोबत दोन ओळी लिहाव्यात: नोंद कोठे तुटली, आणि त्या वेळी आपण कोणत्या दोन कंट्रोलच्या मध्ये होतो.